शमीम, चिठ्ठी तू लावली होतीस

शमीम,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. आत बायका कुराणाचे पारे वाचत होत्या, म्हणून तुझ्या भाभीने मला पडवीत बसवलं आणि चहा आणून दिला. शेजारी एक बाई बसली होती. चाळिशीच्या आतली, कपाळावर डाव्या बाजूला जुन्या टाक्यांची खूण. मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं.

"तुम्ही हॉस्पिटलातल्या बाई ना? मी वनिता. विहिरीवरची."

विहिरीवरची केस. आठ वर्षांपूर्वी आपण सगळ्या तिला हेच म्हणत होतो. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, बरी आहे, चिपळूणला भावाकडे असते, ब्लाऊज शिवते. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "गेल्या महिन्यात मी भेटायला आलेले. माझा हात धरून शमीमबाय म्हणतात कशा, वनिता, माझी चिठ्ठी लावायची राहिली, म्हणून तुझी केस गेली. मला माफ कर. एवढ्या दुखण्यात माणूस माफी मागतंय, मी काय बोलणार? म्हटलं, जाऊ दे हो बाय."

मी चहा संपवला, कप विसळून कट्ट्यावर ठेवला आणि घरी आले.

चिठ्ठी राहिली नव्हती, शमीम. चिठ्ठी होती. मी ती वाचली होती.

एवढं लिहायला मला आठ वर्षं लागली आणि जिने ते वाचायला हवं होतं ती गेली. प्राचार्यांनी नर्सिंग शाळेच्या वार्षिकासाठी एक पान मागितलं आहे. "शमीम सिस्टरवर तुम्हीच लिहा, फोटो आम्ही शोधतो." तुझ्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल आणि सेवाभावाबद्दल बाकीच्या लिहितील. ते सगळं खरंच आहे. मला वेगळं लिहायचं आहे. ज्या मुली हे वाचतील त्यांनी तुला ओळखलं ते शनिवारच्या तासापुरतं. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

अठ्ठ्याण्णव साली तू आमच्या बायकांच्या सर्जिकल वॉर्डात तात्पुरत्या नेमणुकीवर आलीस. मी शाळेची ट्यूटर आणि तो वॉर्ड मुलींच्या सरावाचा, म्हणून तिथे माझा शब्द चाले. पहिल्याच आठवड्यात आपलं वाजलं. मारहाणीतल्या एका पेशंटचा झंपर कापायचा होता आणि तू मुलीचा हात धरलास. "भोकातून कात्री नको गो घालू. भोकाच्या बाजूने काप. ते भोक पण बोलतं." मुली हसल्या. मला हसू आलं नाही. मी वीस वर्षं शिकवत होते की घाण दिसली की आधी स्वच्छता, बाकी नंतर. रक्ताचा डाग कसा काढायचा हा माझा पहिल्या वर्षाचा आवडता धडा: थंड पाणी, मूठभर मीठ, मग साबण. गरम पाणी घालाल तर डाग बसेल. माझ्या हातून गेलेल्या मुली अजून भेटल्या की हे म्हणून दाखवतात.

वनिताला आणलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते. नवरा आणि सासरा जीपमधून घेऊन आले. विहिरीच्या पायरीवरून घसरली म्हणाले. डोकं फुटलेलं, पाठ सुजलेली, तोंडातून शब्द नाही. तू तिची साडी उतरवलीस आणि मला हाक मारलीस.

"बाई, हे बघा. आपल्याकडे माणूस अंगणात पडला तरी तांबडा होऊन उठतो. ही विहिरीवर पडली नि पाठीला मातीचा ठिपका नाय?"

खरंच नव्हता. जांभ्याची माती एकदा कपड्याला लागली की धुऊनही जात नाही, आणि तिच्या साडीवर ती नावाला नव्हती. पाठीकडे, रक्तात चिकटलेला, भाताचा तूस होता.

"ही भाताच्या कोठीत पडली, बाई. नायतर पाडली."

मी मान हलवली. माझं लक्ष पडद्यांकडे होतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेची तपासणी होती आणि वॉर्डाचे पडदे अजून धोब्याकडून आले नव्हते.

सहाच्या सुमाराला नवरा चहाला गेला आणि वनिता तुझ्याशी बोलली. तू केस पेपरवर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवलेस: "विहिरीवर गेलेच नाय. कोठीत मारलान." तुझी पद्धतच तशी होती. पाहिलं ते, ऐकलं ते, केलं ते. वाटलं ते लिहायचं नाही. मग तू ड्रेसिंग रूममध्ये दोरी बांधलीस, साडी आणि झंपर वाळत घातलेस, तूस गळेल तो सापडावा म्हणून खाली स्वच्छ वर्तमानपत्र पसरलंस आणि पदराला पिनेने चिठ्ठी लावलीस. ड्यूटी संपली तशी घरी गेलीस. रात्रीची सिस्टर त्या खोलीकडे फिरकली नाही.

सकाळी सात वाजता खोली मी उघडली. वास आला. दोरीवर रक्ताची साडी, फरशीवर कागद आणि तीन तासांनी तपासणी. मी चिठ्ठी वाचली. "पोलीस केस. धुऊ नये. हलवू नये. वाळल्यावर कागदात बांधून हवालदारांच्या ताब्यात द्यावे." खाली सही आणि वेळ.

मला समजलं नाही असं नाही. धुऊ नये, हलवू नये. मला ते टोचलं. सहा महिन्यांची तात्पुरती नर्स मला लेखी हुकूम देते, तेही तपासणीच्या दिवशी. मी पिन काढली, चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली, बादली भरली आणि मीठ मागवलं. मुलींचे गणवेश स्टार्च करून तयार होते, त्यांचे हात खराब नकोत, म्हणून साडी आणि झंपर मी स्वतः धुतले. तूस पाण्यावर तरंगून आला. मी तो मोरीत ओतला. अकराला साडी गच्चीवर वाळली, साडेअकराला चादरींबरोबर तिला इस्त्री झाली. तपासणीला आलेल्या बाईंनी वॉर्डाचं कौतुक केलं. ड्रेसिंग रूम तर त्यांनी दोनदा पाहिली.

दोन वाजता हवालदार आला. आयाने घडी आणून त्याच्या हातात दिली. तो हसला. "बाई, लाँड्री झकास आहे हां तुमची." तू नुकतीच ड्यूटीवर आली होतीस. तू त्याच्या हातातून साडी घेतलीस, घडी मोडलीस, पाठीकडचा भाग शोधलास आणि त्यावरून बोटं फिरवलीस. एक कणसुद्धा लागला नाही. माझं काम नेहमीच चोख असायचं.

मेट्रनच्या खोलीत आपण दोघी उभ्या होतो. साडी मी धुतली हे मी लगेच सांगितलं. तेवढी प्रामाणिक होते. मेट्रननी विचारलं, "चिठ्ठी होती का?"

"मला दिसली नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. काहीतरी हरवलं आहे आणि मी ते शोधून देईन, असं पाहिलंस. मग म्हणालीस, "मॅडम, मी लावली होती." पण माझा शब्द वीस वर्षांचा आणि तुझा सहा महिन्यांचा. मेमो तुला मिळाला. वनिताने नवऱ्यासमोर जबाब दिला की मी घसरले. केस पेपरवर तू लिहिलेल्या तिच्या शब्दांना आधार द्यायला काही उरलं नव्हतं. आठव्या दिवशी ती घरी गेली, हवालदाराने न नेलेली तीच साडी नेसून. तुझी कायम होण्याची फाईल बाजूला पडली आणि तुला पावसच्या पुढच्या एका खेड्यात दवाखान्यावर पाठवलं.

त्या आठवड्यात माझा एप्रन धोब्याकडून आला तेव्हा खिशात कागदाचा लगदा होता, वाळून कडक झालेला. अक्षर शिल्लक नव्हतं. मी तो नखाने खरवडून काढला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

अडीच वर्षांनी तू परत आलीस. माझ्याशी पूर्वीसारखीच वागलीस, आणि मला ते सोसलं नाही, म्हणून मी तुझ्याशी जास्तच तुसडेपणाने वागू लागले. तू एक परदेशी मासिक घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. "बाई, आपण करत होतो ना, त्याला नाव आहे. फॉरेन्सिक नर्सिंग. शिकवतात म्हणे, कोर्स आहेत." ‘आपण’ म्हणालीस, ‘मी’ नव्हे. मी मासिक न उघडता म्हटलं, "आपण नर्स आहोत. पोलीस नव्हे."

"होय हो. पण पोलीस येईस्तोवर पेशंट कोणाच्या हातात असतो? पहिलं पाणी कोण लावतं?"

वाद मिटवायला मी तुला तास दिला. शनिवारी जेवणानंतरचा, जेव्हा मुली डुलक्या काढतात. मुद्दामच दिला. त्या तासाला कोणी डुलकी काढली नाही.

मग तुझे प्रयोग सुरू झाले. मटणवाल्याकडून डबाभर रक्त आणलंस, जुन्या चादरीचे तुकडे त्यात बुडवलेस आणि ऐन श्रावणात काही प्लास्टिकच्या पिशवीत, काही वर्तमानपत्रात, काही खाकी पाकिटात, काही नुसतेच दोरीवर असे हॉस्टेलच्या व्हरांड्यात मांडलेस. रेक्टरबाई नाक धरून माझ्याकडे धावत आल्या. मी तुला बोलावून झापलं.

"सुकट वाळते तेव्हा त्या नाक धरत नाय," तू म्हणालीस.

"सुकट खाता येते, शमीम."

"मग हे पण पचवायला शिकूया की, बाई."

प्लास्टिकमधल्या तुकड्यांवर चार दिवसांत हिरवी बुरशी आली, कागदातले टिकले. आपल्या दमट हवेत प्लास्टिक म्हणजे पुराव्याचा काळ, हे मुली तुझ्यामुळे स्वतःच्या डोळ्यांनी शिकल्या. तांबडी माती किती धुण्यांत निघते, तूस कुठल्या कापडाला किती चिकटून राहतो, तू सगळं दिवसागणिक लिहून ठेवत होतीस. तुला कोणी सांगितलं नव्हतं. रजेच्या दिवशी येऊन बघायचीस.

तुझ्या तासाला हजेरी घ्यायला मी मागच्या बाकावर बसायचे. दर वर्षी तू वनिताची गोष्ट सांगायचीस, नाव न घेता, आणि दर वर्षी शेवटी म्हणायचीस, "ही माझी चूक. चिठ्ठी लावायची मी विसरले असणार. म्हणून सांगते, चिठ्ठी लावलीत की दुसऱ्या सिस्टरला दाखवा आणि तिची सही घ्या. दोन सह्या. एकटीच्या आठवणीवर राहू नका." एकदा एका मुलीने विचारलंच. "पण सिस्टर, ज्यांनी धुतली त्या काय कमी मूर्ख?"

"मूर्ख नव्हत्या गो," तू म्हणालीस. "स्वच्छ होत्या."

मुली हसल्या. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला लाजवायचं नाही म्हणून बघितलं नाहीस. मी हजेरीपटात डोकं घातलं.

पहिल्या वर्षी तू "विसरले असणार" म्हणत नव्हतीस. ते नंतर आलं, आणि ते मी आणलं. आपण कँटीनबाहेर बाकावर बसलो होतो. तू अचानक म्हणालीस, "बाई, एक विचारू? मी चिठ्ठी लावली होती ना हो? पिन बोटात टोचली ते आठवतंय. पण ती त्याच दिवशी टोचली की दुसऱ्या, ते आता मलाच कळेना." तू मला सुटायची वाट काढून दिली होतीस. तिथे दुसरं कोणी नव्हतं. मेट्रन निवृत्त झाल्या होत्या. माझं काहीही गेलं नसतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी गडबड किती होती. राहून गेलं असेल."

"असेल," तू म्हणालीस आणि उठलीस.

धुतलेल्या साडीबद्दल मला कोणी एकवेळ माफ करेल. या बाकाबद्दल मी माफी मागत नाही, कारण ती द्यायला आता कोणी नाही.

तुझा लेख माझ्या कपाटात आहे. अठ्ठावीस पानं, तुझ्या गोल अक्षरात. कपडे कसे वाळवावे, कशात बांधावे, काय लिहावं, आणि प्रयोगांचे तक्ते. सुरुवातीला वनिताची केस. तिच्यानंतर अर्धं पान कोरं ठेवून तू पेन्सिलीने लिहिलं आहेस: "इथे बाई." मी विचारलं, हे काय. तू म्हणालीस, "धुणाऱ्याच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं. का धुतलं. ते समजल्याशिवाय पोरींना नुसतं धुऊ नका सांगून काय उपयोग? तुमचं नाव नको मला. कारण हवं." मी म्हटलं, बघते. मग परीक्षा आल्या, मग गणपती, मग पुन्हा परीक्षा. दोन वर्षं गेली. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी भेटायला आले, तर हळूच विचारलंस, "अर्धं पान, बाई?"

"आधी बरी हो," मी म्हटलं.

गेल्या रविवारी मी चिपळूणला गेले. वनिताचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. ती मशीनवर बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चिठ्ठी होती, मी वाचली, खिशात टाकली आणि मेट्रनना खोटं बोलले. तिने पाय थांबवला नाही. शिलाई संपली, दोरा दाताने तोडला, मग बोलली.

"शमीमबायना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती म्हणाली, "त्या साडीत घरी गेले तेव्हा नवरा काय म्हणला ठाव हाय? बघ, हॉस्पिटलवाल्यांनी पण साफ करून दिलानी. आठ दिवसांनी चुलीत घातली मी ती." मग तिने मला पाणी दिलं. चहा विचारला नाही. बरोबर केलं.

मी निघाले तशी तिने हाक मारली. "बोलून काय व्हतं, बाई? शमीमबायनी माझा शब्द लिहून ठेवलानी, म्हणून तो राहिला. पुढे दोन वर्षांनी मी घर सोडून भावाकडे आले, तेव्हा शमीमबायनी दिलेल्या त्या कागदाच्या नकलेवर भाऊ विश्वासला. तुम्ही पण लिवा. इथंच लिवा."

तिने कटिंगच्या टेबलावरची कापडं बाजूला सारली. तुझा लेख माझ्या पिशवीत होता. तो मी का नेला होता, मला माहीत नाही. मी तुझ्या पेन्सिलीच्या शब्दांखाली लिहिलं, तिने बोट फिरवत वाचलं आणि दोन ठिकाणी मला चुकीचं ठरवलं. ते अर्धं पान, तिच्या दुरुस्त्यांसकट, असं आहे:

"पाहिलं: सकाळी सात वाजता ड्रेसिंग रूममध्ये दोरीवर निळी (वनिता: हिरवी) साडी आणि झंपर. पाठीकडे रक्त, त्यात भाताचा तूस (वनिता: राख पण). खाली वर्तमानपत्र. पदराला पिनेने लावलेली चिठ्ठी, त्यावर धुऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं, शमीम सिस्टरची सही आणि वेळ.

ऐकलं: आदल्या दिवशी शमीम सिस्टरने तूस दाखवून सांगितलं होतं की पेशंट विहिरीवर पडलेली नाही. मी ऐकलं होतं.

केलं: चिठ्ठी वाचून काढून घेतली. साडी आणि झंपर थंड पाण्यात मीठ घालून धुतले. तूस मोरीत ओतला. चौकशीत चिठ्ठी दिसली नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. पुढे शमीम सिस्टरने विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं.

कारण: तपासणी होती, आणि चिठ्ठी माझ्यापेक्षा धाकट्या, तात्पुरत्या नर्सने लिहिली होती. धुणं मला उत्तम येत होतं आणि ते दाखवायचं होतं. दुसरं कारण नाही."

वाटलं ते लिहिलेलं नाही.

खाली माझी सही आहे, सुनंदा, सिस्टर ट्यूटर. त्याखाली मी रेघ ओढली आणि पेन वनितापुढे केलं. तिने विचारलं, माझी कशाला? मी म्हटलं, शमीमचा नियम आहे, दोन सह्या लागतात.

तिने केली.